लपवलेलं फीचर प्रॉडक्शनवर कसं सोडावं

फ्लॅग, म्हणजे फीचर चालू-बंद करणारा कोडमधला स्विच, बनवा, डीफॉल्ट बंद ठेवा, कोड नेहमीसारखा प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या युजरच्या सर्व्हरवर, डिप्लॉय करा. हे हिंजवडीतला कुठलाही फ्रेशर पहिल्या आठवड्यात शिकतो. फ्लॅग चालू आहे का, ही तपासणी मात्र सर्व्हरवरच हवी. बटण लपवून एपीआय (बटणामागची सर्व्हरची वाट) उघडा ठेवलात, तर काहीच लपवलेलं नाही.

खरी गोम पुढे आहे: फीचर कुणालाही न दाखवता खऱ्या ट्रॅफिकवर चालवणं. फेसबुकने 2008 मध्ये चॅट आणताना हेच केलं. पानावर चॅटचा मागमूस नव्हता, पण लोकांचे ब्राउझर गुपचूप चॅटच्या सर्व्हरना कॉल करत होते. ही गोष्ट कौतुकाने सगळे सांगतात. छुपा कोडही उद्योग करून ठेवतो, हे कुणी सांगत नाही.

समजा, डबा पोचवणाऱ्या ॲपमध्ये डिलिव्हरी चार्जचा नवा हिशोब आणायचाय. ग्राहकाला जुनाच आकडा दाखवायचा, नवा फक्त लॉगमध्ये लिहायचा. ऐकायला सोपं. पण हिशोबाच्या पोटात कुठेतरी कूपन ‘वापरलं’ म्हणून नोंदवणारं फंक्शन दडलेलं असतं, आणि कोथरूडच्या काकूंचं कूपन ऑर्डर देण्याआधीच संपतं. म्हणून आधी कोड ओळीओळीने वाचा. तो कुठे कुठे हात घालतो ते लिहून काढा: डेटाबेस, एसएमएस, पेमेंट, क्यू (मागाहून करायच्या कामांची रांग). कॅशही (पुन्हा वापरायला साठवलेली उत्तरं), कारण दोघांनी आकडा एकाच नावाने साठवला तर नव्याचा आकडा जुना कोड उचलतो. नव्या कोडला रीड-ओन्ली डेटाबेस युजर द्या, म्हणजे त्याला डेटा फक्त वाचता येईल, बदलता येणार नाही. ‘आम्ही काळजी घेऊ’ यावर मी विश्वास ठेवत नाही. टाइमआउट कडक लावा आणि जुन्या उत्तराला नव्यासाठी थांबवू नका.

मग दोन्ही आकडे ताडून बघा. जुना 48.00 आणि नवा 47.99 आला की ‘राउंडिंग असेल’ म्हणून सोडून द्यायचं नाही. प्रत्येक फरकाचं कारण सापडेपर्यंत रोलआउट नाही, मॅनेजरने कितीही घाई केली तरी.

पुढचं सरळ आहे. आधी टीम, मग 1 टक्का, मग 10. हे लोक निवडताना युजर आयडीला फ्लॅगचं नाव जोडून हॅश करा (त्यातून एक ठराविक आकडा काढा), नाहीतर दरवेळी त्याच लोकांच्या माथी प्रयोग येतात. फ्लॅग बंद करूनही बघा, भरदिवसा. शुक्रवारी संध्याकाळी काहीही चालू करू नका.

काम झालं की फ्लॅग आणि जुना कोड दोन्ही उडवा. जुना फ्लॅग नव्या कामाला तर अजिबात जुंपू नका. नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअर ट्रेडिंग कंपनीने तेच केलं होतं. 1 ऑगस्ट 2012 ला आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचलाच नव्हता. तिथे त्या फ्लॅगने जुना, मेलेला कोड जागा केला आणि पाऊण तासात 44 कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. फ्लॅग काढायचं तिकीट मी फ्लॅग बनवतो त्याच दिवशी टाकतो, तारीख आणि नावासकट.