नवी कोल्हापुरी पायात बसवताना

कोल्हापुरातल्या चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, खरेदीला संध्याकाळी जा. तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. माप जरा घट्टच घ्या, कातडं वापरानं सैल होतं.

बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं हे कातडं सुरुवातीला कडक असतं, म्हणून चपलेचा अंगठा आणि पट्टा चावतात. रात्री पट्ट्याच्या आतून एरंडेलाचे चार-पाच थेंब चोळा, सकाळी पुसा. पहिले 5 दिवस घरातच अर्धा तास घाला. तेल जास्त झालं तर धूळ चिकटते.

पावसाळ्यात घालूच नका. भिजलं की तळ फुगतो, वाद्या सुटतात. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात कातडं तडकतं.

आणि कारागिराशी भावात घासाघीस नको, हाताची शिवण आहे ती.