कलादगी बेसिनमध्ये सीओटू साठेल का? फील्डला जायच्या आधीची तयारी

पोरांनो, सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली कायमचा साठवता येईल का, हे बघायला दिवाळीनंतर कलादगी बेसिनला (उत्तर कर्नाटकातलं जुन्या गाळाच्या दगडांचं खोरं) जायचंय, तर आधी हे वाचा मग बॅगा भरा. आपण होकार शोधायला चाललो नाही, नकार कुठं मिळतोय ते आधी बघायचं, एक पक्का नकार मिळाला की पुढचा खर्च वाचतो.

पहिलं खोली. सीओटू ३१ डिग्री आणि साधारण ७४ बारच्या वर गेला की वजनाला लिक्विडच्या जवळ जातो आणि कमी जागेत जास्त मावतो, त्यासाठी ढोबळमानाने ८०० मीटर तरी खाली जावं लागतं. म्हणून घरातनं निघायच्या आधीच भूकोश या वेबसाइटवरनं जीएसआयचे (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे) नकाशे उतरवा, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग, पुढं लोकापूर-बागलकोटपर्यंत, आणि सेक्शन (जमिनीचा उभा छेद) काढून बघा की गाळाचे थर तेवढ्या खोलीवर उरतात तरी का. निपाणी-चिक्कोडीकडं वर डेक्कनचा काळा दगड, म्हणजे बसाल्ट आहे, त्याच्या खाली सँडस्टोन (वाळूचा दगड) असणारच असं धरून चालू नका. कोयनेला बोअर मारली तेव्हा ९३० मीटरच्या आसपास बसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट लागला, मधे गाळ नाहीच.

दुसरं, आणि माझ्या मते सगळा खेळ इथंच आहे, दगडात जागा किती. नॉर्वेत स्लाइप्नर गॅस फील्डला १९९६ पासून बरीच वर्षं वर्षाला १० लाख टनांच्या आसपास सीओटू खाली सोडला, पण तिथली वाळू भुसभुशीत, पोरॉसिटी (दगडातली रिकामी जागा) ३५ टक्क्यांच्या वर. आपला खालचा बागलकोट ग्रुप (थरांचा गट) शंभर कोटी वर्षांपेक्षा जुना, सिलिकानं कणाला कण चिकटलेला. गोकाक धबधब्याजवळ दगडाची ताजी खपली काढा आणि लेन्सनं बघा, दगड कणांच्या मधून फुटलाय की कण चिरून आरपार गेलाय? आरपार असेल तर सिमेंट पक्कं, मग त्यावर पाण्याचा थेंब टाका, जिरतोय की तसाच बसतोय ते लिहा. ही काही लॅब टेस्ट नव्हे, पण कुठला नमुना लॅबला पाठवायचा ते कळतं.

हिशोब आधीच करून ठेवा. १०० चौरस किमी, ५० मीटर जाडी, १० टक्के पोरॉसिटी, सीओटूची घनता ६५० किलो प्रति घनमीटर आणि त्यातली २ टक्केच जागा खरी वापरता येते असं धरलं तर ६५ लाख टन येतात. पोरॉसिटी २ टक्के केली की १३ लाख, म्हणजे स्लाइप्नरचं जेमतेम सव्वा वर्ष.

तिसरं झाकण, गॅस वर येऊ नये म्हणून. झाकण म्हणजे शेल (चिकणमातीचा बारीक कणांचा दगड), ते किती जाड आणि सलग आहे ते बघा. खालचा ग्रुप घड्या पडलेला, वरचा बदामी ग्रुप जवळजवळ आडवा, त्या दोघांच्या सांध्यावर जास्त वेळ द्या. प्रत्येक भेगेची दिशा नोंदवा. अल्जेरियात इन सालाहला झाकणाची खात्री वाटेना म्हणून २०११ ला पंपिंग थांबवलं, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो, तेव्हा प्रेशरचा विषय हलक्यात घेऊ नका.

चुनखडीसाठी पातळ ॲसिडची बाटली घ्या. लगेच फसफसलं तर लाइमस्टोन, खरवडून भुकटी केल्यावरच फसफसलं तर डोलोमाइट.

कोण तरी म्हणणारच की सर, मग बसाल्टमध्येच सोडूया, आइसलँडला कार्बफिक्स प्रकल्पवाल्यांनी २०१२ ला सोडलेला ९५ टक्के सीओटू दोन वर्षांच्या आत दगड झाला. झाला की, पण त्या पद्धतीत एका टनाला २५ टनांच्या आसपास पाणी लागतं आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये टँकर फिरतात.

पाण्यावरनं आठवलं, गावातल्या बोअरवाल्यांना विचारा किती फुटांवर पाणी लागलं, गोडं की खारं, आणि बंद पडलेल्या बोअर कुठं आहेत, कारण उद्या गॅस वर यायचा झाला तर आधी तिथनंच येणार. कॉलेजचं पत्र कन्नडमध्येपण घ्या, नुसतं मराठी-इंग्रजी दाखवलं तर पंचायतीत अर्धा दिवस जातो. शेतात शिरायच्या आधी मालकाला सांगा की जमीन घ्यायला आलो नाही, हातोडी बघून लोकांना खाणीवाले वाटतात.

बाकी नेहमीचंच, कंपास, जीपीएस, नमुन्याच्या पिशव्या, मार्कर. आणि सौंदत्तीचा दिवस पौर्णिमेला धरू नका, यल्लम्माच्या गर्दीत गाडी अडकली की संध्याकाळपर्यंत सुटत नाही.