टीव्हीसाठी स्ट्रीमिंग बॉक्स: कोणता घ्यावा, कसा जोडावा

स्ट्रीमिंग बॉक्स म्हणजे इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारं छोटं उपकरण; थेट एचडीएमआय पोर्टात खोचायच्या छोट्या प्रकाराला स्टिक म्हणतात. बॉक्स घेण्याआधी टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघा. तिथे तीन-चार एचडीएमआय पोर्ट असतील आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असेल. त्याचा फोटो काढून ठेवा. जुन्या ४के टीव्हींत सगळे पोर्ट सारखे नसतात. ४के चित्रपटांसाठी लागणारं एचडीसीपी २.२ हे कॉपी रोखणारं संरक्षण कधी एकाच, कधी दोनच पोर्टवर असतं. बॉक्स चुकीच्या पोर्टात खोचला की चित्र १०८०पी वर अडकतं किंवा पडदा काळा पडतो, आणि दोष बॉक्सला दिला जातो. ज्या पोर्टवर आर्क (टीव्हीतला आवाज बाहेर पाठवणारी सोय) किंवा ई-आर्क (तिची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) लिहिलंय तो साउंडबारसाठी राखून ठेवा.

दुसरी नोंद एचडीआरची, म्हणजे उजेड-अंधार आणि रंगांचा पल्ला वाढवणाऱ्या चित्राची. त्याच्या प्रकारांपैकी तुमचा टीव्ही डॉल्बी व्हिजन दाखवतो की एचडीआर१०+? सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत, त्यामुळे केवळ त्यासाठी महागडा बॉक्स घेण्यात तिथे अर्थ नाही. अ‍ॅपल टीव्ही ४केचं २०२२ चं मॉडेल आणि गूगल टीव्ही स्ट्रीमर दोन्ही प्रकार पाठवतात. टीव्ही नुसता १०८०पी असेल तर पुढचं निम्मं वाचायची गरज नाही. साधी स्टिक घ्या, फक्त तिचं स्वतःचं अ‍ॅडॉप्टर वापरा.

टीव्ही स्मार्ट असताना वेगळा बॉक्स कशाला? टीव्हीचा पडदा दहा वर्षं चांगला चालतो, पण आतला प्रोसेसर आणि अ‍ॅप्सचे अपडेट तेवढे टिकत नाहीत. बॉक्स बदलणं सोपं, पडदा बदलणं अवघड. टीव्हीतली अ‍ॅप्स झटपट उघडत असतील आणि हवी ती सगळी असतील, तर मात्र थांबा.

सेवांची यादी आधी

या बाजारातली चढाओढ चित्राच्या दर्जावरून फारशी नाही. ती आहे टीव्ही लावल्यावर दिसणारा पहिला पडदा कोणाचा, यावरून. अ‍ॅपल टीव्ही २००७ मध्ये आला, रोकूचा पहिला बॉक्स २००८ मध्ये, क्रोमकास्ट २०१३ मध्ये आणि फायर टीव्ही २०१४ मध्ये. तेव्हापासून कंपन्यांच्या भांडणात अ‍ॅप्स ये-जा करत आली आहेत. अ‍ॅमेझॉनने २०१५ मध्ये अ‍ॅपल टीव्ही आणि क्रोमकास्टची विक्री थांबवली. प्राइम व्हिडिओ अ‍ॅपल टीव्हीवर यायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. फायर टीव्हीवरून गेलेलं यूट्यूबचं अधिकृत अ‍ॅप जुलै २०१९ मध्ये परतलं. एचबीओ मॅक्स मे २०२० मध्ये सुरू झालं, पण रोकूवर डिसेंबरमध्ये पोहोचलं.

म्हणून कागदावर तुम्ही पैसे भरता त्या सेवा लिहा आणि प्रत्येकीच्या मदत-पानावर तुमच्या मनातल्या बॉक्सचं नेमकं मॉडेल शोधा. 'अ‍ॅप उपलब्ध आहे' एवढं पुरेसं नाही. त्या मॉडेलवर ४के, एचडीआर आणि डॉल्बी अ‍ॅटमॉस (चहूबाजूंनी येणारा आवाज) मिळतं का, ते बघा. तुमच्या प्लॅनमध्ये ४के आहे का, हेही तपासा. नेटफ्लिक्सवर ते फक्त सर्वांत वरच्या प्लॅनमध्ये असतं.

रोकूसारख्या कंपनीची मोठी कमाई उपकरणांतून नाही, जाहिराती आणि सेवांतून होते. त्यामुळे स्वस्त बॉक्सच्या मुख्य पडद्यावर जाहिराती असणारच. त्या कमी करता येतात, पूर्ण जात नाहीत. ज्यांना हा पडदा शांत हवा, त्यांनी अ‍ॅपल टीव्हीचा विचार करावा. तिथे अ‍ॅपल स्वतःच्या मालिका पुढे करतं, पण बाहेरच्या जाहिरातींचा मारा नसतो.

आता कोणासाठी काय. घरात आयफोन असेल तर अ‍ॅपल टीव्ही ४के. त्यात ६४ जीबीच्या मॉडेलला इथरनेट नाही, १२८ जीबीला आहे. वायर ओढायची असेल तर आधीच ठरवा. गूगल टीव्ही स्ट्रीमर (२०२४) ४ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण आणि गिगाबिट इथरनेटसह येतो, आणि अँड्रॉइड फोन असलेल्या घराला तो सर्वांत सोयीचा. या दोन्हींच्या खोक्यात एचडीएमआय केबल नसते. फायर टीव्ही स्टिक स्वस्त आणि पुरेशी वेगवान, पण अधिकृत स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायची सवय असेल तर सावध राहा: २०२५ मध्ये आलेली ४के सिलेक्ट स्टिक वेगा या नव्या प्रणालीवर चालते आणि तिच्यात अँड्रॉइड अ‍ॅप बाहेरून टाकता येत नाही. डिस्कवरून उतरवलेल्या मोठ्या फाइल्स आणि चांगला रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारं यंत्र) असेल तर २०१९ चा एनव्हिडिया शील्ड टीव्ही प्रो अजूनही उपयोगाचा आहे. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी या उच्च दर्जाच्या आवाजाचा मूळ प्रवाह तो जसाच्या तसा रिसीव्हरकडे पाठवतो. एव्ही१ ही व्हिडिओ दाबून पाठवण्याची नवी पद्धत मात्र त्याच्या चिपला कळत नाही.

कोणतीही स्टिक घेताना साठवण बघा. ८ जीबी लिहिलेल्या उपकरणात प्रणालीनंतर अ‍ॅप्ससाठी जेमतेम निम्मी जागा उरते. सात-आठ अ‍ॅप्स टाकली की 'जागा कमी आहे' ही सूचना येते आणि सगळंच मंदावतं.

बेनामी बॉक्स घेऊ नका

खोक्यावर मोठ्या अक्षरात '८के' आणि 'सगळे चॅनल फुकट' छापलेले अँड्रॉइड बॉक्स टाळा. कारणं दोन आहेत. पहिलं, त्यांतल्या बहुतेकांकडे वाइडवाइन या गूगलच्या कॉपी-संरक्षणाची सर्वांत वरची एल१ पातळी नसते. खालच्या एल३ पातळीवर बड्या सेवा साधारण ४८०पी पर्यंतच चित्र देतात, मग पडदा कितीही मोठा असो. दुसरं कारण जास्त गंभीर: यांतले काही कारखान्यातूनच व्हायरस घेऊन येतात. बॅडबॉक्स नावाच्या या प्रकाराबद्दल जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला, आणि जुलैमध्ये गूगलने १ कोटीहून अधिक अप्रमाणित उपकरणांच्या जाळ्यामागच्या लोकांवर दावा ठोकला. असा बॉक्स तुमच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता परक्यांच्या धंद्यासाठी वापरू देतो. घरात आधीच एखादा असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'प्ले प्रोटेक्ट प्रमाणित' आहे का ते पाहा. नसेल तर वाय-फायवरून काढा आणि त्यात टाकलेले पासवर्ड बदला.

वीज आणि केबल

स्टिक टीव्हीच्या यूएसबी पोर्टमधून चालवू नका. साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॉट देतो. स्टिकसोबत येणारं अ‍ॅडॉप्टर ५ वॉट किंवा त्याहून जास्त देतं. कमी वीज मिळाली की स्टिक मेनूत ठीक चालते, पण जड अ‍ॅप उघडताना रीस्टार्ट होते. शिवाय टीव्ही बंद केल्यावर बहुतेक टीव्हींत त्या पोर्टची वीजही जाते. मग रात्रीचे अपडेट होत नाहीत आणि दर वेळी स्टिक मुळापासून चालू होते.

केबल प्रमाणित 'प्रीमियम हाय स्पीड' असावी, ती १८ गिगाबिटची खात्री देते. पाकिटावर क्यूआर असलेलं लेबल असतं, तो स्कॅन करून प्रमाणपत्र तपासा. या बॉक्सना ४८ गिगाबिटच्या महाग केबलची गरज नाही. दोन मीटरपर्यंत साधी तांब्याची केबल पुरते. पाच मीटरच्या पुढे ऑप्टिकल एचडीएमआय घ्या आणि तिच्या टोकांवर लिहिलेली दिशा पाळा: एक टोक बॉक्सकडचं, दुसरं टीव्हीकडचं. उलटी लावली तर चित्रच येत नाही.

केबल खराब आहे हे कसं ओळखायचं? चित्रपट सुरू होताना किंवा संपताना पडदा एक-दोन सेकंद काळा होणं स्वाभाविक आहे, कारण तेव्हा टीव्ही मोड बदलतो. मध्येच, कोणत्याही क्षणी काळा होत असेल किंवा गडद भागांत पांढरे ठिपके चमकत असतील, तर केबल बदला.

टीव्हीतलं सेटिंग

हा टप्पा बहुतेक लोक सोडून देतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. अनेक टीव्हींत एचडीएमआय पोर्ट कारखान्यातून जुन्या, कमी क्षमतेच्या मोडवर येतो. सोनीत 'एन्हान्स्ड फॉरमॅट', एलजीत 'एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर', सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस' शोधा आणि ज्या पोर्टला बॉक्स लावला आहे त्याच पोर्टसाठी चालू करा. मग बॉक्स रीस्टार्ट करा, म्हणजे तो टीव्हीची क्षमता नव्याने वाचेल.

त्यानंतर बॉक्सचं आउटपुट. बॉक्सने आपण होऊन 'कायम एचडीआर' निवडलं असेल, तर तसं ठेवू नका. साध्या कार्यक्रमांचे रंग त्यात कृत्रिम होतात. क्रम असा:

१. मूळ आउटपुट ४के, एसडीआर (एचडीआर नसलेलं साधं चित्र), ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, ठेवा (देशातल्या टीव्ही प्रक्षेपणाची पद्धत ५० हर्ट्झची असेल तर ५०).
२. डायनॅमिक रेंज (एचडीआर की एसडीआर) मूळ चित्राप्रमाणे बदलू द्या. अ‍ॅपल टीव्हीत हे 'व्हिडिओ आणि ऑडिओ'मधल्या 'मॅच कंटेंट'मध्ये आहे, फायर टीव्हीत डायनॅमिक रेंज 'अ‍ॅडाप्टिव्ह' करा.
३. फ्रेम रेट जुळवणं चालू करा. फायर टीव्हीत ते 'मॅच ओरिजिनल फ्रेम रेट' या नावाने सापडतं.

तिसऱ्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० ला २४ ने भाग पूर्ण जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. कॅमेरा आडवा सरकताना चित्र अडखळल्यासारखं दिसतं ते यामुळे. फ्रेम रेट जुळला की हालचाल मूळ लयीत येते. प्रत्येक अ‍ॅप हे पाळतंच असं नाही, त्यामुळे एका अ‍ॅपवर अडखळतंय म्हणून लगेच सेटिंग उलटं करू नका. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं 'मोशन स्मूदिंग' मात्र चित्रपटांसाठी बंदच ठेवा, किंवा 'फिल्ममेकर मोड' लावा. हा एक बदल महागड्या बॉक्सपेक्षा जास्त फरक पाडतो, असं आमचं ठाम मत आहे.

आवाज

साउंडबार असेल तर तो टीव्हीच्या आर्क किंवा ई-आर्क पोर्टला जोडा, बॉक्स दुसऱ्या पोर्टला. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' करा. 'पीसीएम' (टीव्हीने उलगडलेला आवाज) राहिलं तर साध्या आर्कवरून दोनच चॅनलचा आवाज जातो आणि मागचे स्पीकर गप्प बसतात. स्ट्रीमिंग सेवांचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये गुंडाळलेलं असतं, ते साध्या आर्कवरूनही जाऊ शकतं. अ‍ॅपल टीव्ही मात्र आवाज स्वतः उलगडून पाठवतो, म्हणून टीव्हीमार्गे त्याचं अ‍ॅटमॉस साउंडबारपर्यंत न्यायला ई-आर्क लागतो.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर आधी टीव्हीचा 'गेम मोड' आणि चित्र सुधारणारे पर्याय तपासा, मग साउंडबारमधलं डिले बदला. अ‍ॅपल टीव्हीत 'वायरलेस ऑडिओ सिंक' आहे: आयफोन टीव्हीजवळ धरला की तो उशीर मोजून दुरुस्त करतो. साउंडबार नसेल आणि संवाद दबून येत असतील, तर बॉक्सचं आउटपुट स्टीरिओ करा.

नेटवर्क

नेटफ्लिक्स ४के साठी १५ एमबीपीएस आणि १०८०पी साठी ५ एमबीपीएस सुचवतं. मोबाइलवर हातात वेग मोजून उपयोग नाही, तो बॉक्सवरच मोजा. स्टिक टीव्हीच्या धातूच्या पाठीमागे अडकलेली असते आणि तिथे वाय-फाय दबतं. खोक्यातला छोटा एचडीएमआय एक्स्टेंडर फेकू नका, स्टिक दोन-चार इंच बाहेर आली तरी फरक दिसतो. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. मध्ये दोन भिंती असतील तर २.४ कधीकधी जास्त स्थिर ठरतं.

वायर शक्य असेल तर वायरच. स्ट्रीमिंगला १०० एमबीपीएसचा पोर्ट भरपूर होतो. घरच्या सर्व्हरवरच्या ४के ब्लू-रे फाइल्स मात्र १२८ एमबीपीएसपर्यंत उसळू शकतात, तिथे गिगाबिट हवं.

तपासणी आणि नंतरची साफसफाई

सगळं जोडल्यावर अंदाज बांधू नका. नेटफ्लिक्सच्या शोधात 'टेस्ट पॅटर्न्स' टाका, यूट्यूबवर 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा आणि टीव्हीच्या रिमोटचं माहितीचं बटण दाबून पोर्टवर नेमकं काय येतंय ते पाहा.

एकाच रिमोटने सगळं चालायला टीव्हीत सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणं एकमेकांना आज्ञा देतात ती सोय) चालू लागतं. सॅमसंगमध्ये त्याचं नाव एनीनेट+, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. टीव्ही आपोआप भलत्याच इनपुटवर उडी मारत असेल तर दोन उपकरणं एकमेकांशी भांडत आहेत. ज्याचा वापर कमी, त्याचं सीईसी बंद करा.

शेवटी खासगीपणा. फायर टीव्हीत 'प्रायव्हसी सेटिंग्ज'मध्ये वापराची माहिती आणि आवडीनुसार जाहिराती बंद करा, 'फीचर्ड कंटेंट'चं आपोआप वाजणंही बंद करा. गूगल टीव्हीत 'अ‍ॅप्स-ओन्ली मोड' मिळतो, त्याने शिफारशींचा पसारा बराच आवरतो. आणि टीव्हीला विसरू नका: अनेक टीव्हींतली एसीआर ही पडद्यावरचं चित्र ओळखणारी सोय एचडीएमआयवरून येणारं चित्रही वाचते. ती टीव्हीच्या सेटिंगमध्ये बंद करा, किंवा टीव्हीला वाय-फायवरून काढून टाका आणि इंटरनेटचं काम फक्त बॉक्सकडे ठेवा. जुना बॉक्स कोणाला देणार असाल तर त्यावरच्या प्रत्येक सेवेतून बाहेर पडा, फॅक्टरी रीसेट करा आणि सेवांच्या वेबसाइटवरच्या उपकरणांच्या यादीतूनही त्याचं नाव काढा.