गुडघ्याचा कोन चुकीचा दिसतोय? सेन्सर बांधताना या चुका टाळा

गुडघ्याच्या व्यायामात पायावर बांधलेला सेन्सर गुडघा किती वाकला ते अ‍ॅपवर दाखवतो. काल ९० अंश वाकलेला गुडघा आज अ‍ॅपवर ८० दाखवतो आणि रुग्णाचा चेहरा पडतो. सूज किंवा दुखणं वाढलं असेल, तर सेन्सरशी खटपट न करता फिजिओथेरपिस्टला गाठा. एरवी आधी सेन्सरवर संशय घ्या.

सगळ्यात नडते ती शून्याची चूक. बरीच उपकरणं सुरुवातीला ‘सरळ उभे राहा’ म्हणतात आणि त्या वेळचा कोन ० धरतात. पण शस्त्रक्रियेनंतर गुडघा पूर्ण सरळ होतच नसेल, समजा १० अंश वाकलेलाच राहत असेल, तर? ते १० अंश शून्यातच गडप होतात. पाय पूर्ण सरळ झाल्याचं दिसतं, आणि वाकवल्यावर खरे ९० असताना ८० येतात. म्हणजे जिथे अडचण आहे तिथे सगळं ठीक आणि जिथे प्रगती आहे तिथे घसरण! म्हणून आधी गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायच्या साधनाने) कोन मोजून घ्या. अ‍ॅपमध्ये तो भरायची सोय नसेल, तर नोंदवहीत लिहा आणि दर वेळी अ‍ॅपच्या आकड्यात मिळवा.

पट्टा पोटरीवर बांधू नका. पाऊल टेकताच मांस हलतं, त्याबरोबर सेन्सरही. नडगीच्या आतल्या बाजूला हाड सपाट लागतं, ती जागा बरी. तिथे पेनने खूण करून ठेवा. पँटवरून तर नकोच. डावा-उजवा सेन्सर बदललेला नाही ना, तेही पाहा.

पाय स्थिर असूनही कोन हळूहळू सरकतोय? सेन्सरमधला जायरोस्कोप फिरण्याचा वेग मोजतो आणि त्याची बेरीज करत कोन काढला जातो, त्यामुळे बारीकशी चूकही साचत जाते. सेन्सर सुरू केल्यावर काही सेकंद टेबलावर अजिबात न हलवता ठेवा. सेन्सरमध्ये मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखणारा भाग) असेल तर लोखंडी पलंग आणि ट्रेडमिलची मोटर त्याला चकवतात. जागा बदलून बघा.

खांद्याच्या व्यायामात दंडावर एकच सेन्सर असेल, तर दंड किती कलला एवढंच त्याला कळतं. रुग्ण कंबरेतून झुकला तरी आकडा वाढतो. छातीवर दुसरा सेन्सर लावा, नाहीतर समोर आरसा ठेवा.

वॉकर धरून चालणाऱ्याच्या मनगटावर पावलं मोजण्यात अर्थ नाही, हात हलतच नाहीत. घोट्यावर बांधा. पाय फरपटत असतील तर तिथेही काही पावलं सुटतात, तेव्हा एकदा स्वतः मोजून ताडून पाहा.