तंबूच्या आधी जागा पाहा: विदर्भात ग्लॅम्पिंगचा मुक्काम कसा निवडावा

आमचं वावर सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याकडे. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरांपासून पीक राखायला बाबा रात्री जागलीला जात, शाळेला सुट्टी असली की मलाही नेत. बाज कुठे टाकायची, यात त्यांचा बराच वेळ जाई. "बाज टाकाच्या आंधी पानी कुठून येईन थे पाह्य," हे दरवेळचं ठरलेलं वाक्य.

आता चिखलदरा, पेंच, ताडोब्याच्या आसपास पलंग, गरम पाणी आणि जोडून न्हाणीघर असलेले तंबू मिळतात. याला ग्लॅम्पिंग म्हणतात. एका रात्रीचे काही हजार रुपये मोजतानाही मी आधी बाबांचाच प्रश्न विचारतो. कापड कितीही देखणं असो, रात्र कशी जाणार हे खालची जमीन ठरवते.

आधी महिना ठरवा

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे तंबूचा काळ. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि मैदानातल्या तंबूची सकाळी दहालाच भट्टी होते. कूलर लावला तरी कापड तापतच राहतं. उन्हाळ्यातच निघायचं असेल तर चिखलदरा गाठा. सुमारे १,१०० मीटर उंचीमुळे तिथे अमरावतीपेक्षा चार-पाच अंश तरी कमी असतात. पावसाळ्यात मात्र उंच, पक्क्या चौथऱ्यावरचा तंबू मिळत असेल तरच घ्या, नाहीतर सरळ खोली करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचा भरवसा नसतो, म्हणून निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज पाहा आणि फोनमध्ये विजेची पूर्वसूचना देणारं 'दामिनी' ॲप टाकून ठेवा. वीज कडाडू लागली की तंबूत थांबू नका. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा.

मग जमीन वाचा

नाल्याकाठचा तंबू फोटोत सगळ्यात सुंदर दिसतो. पण वर डोंगरात पाऊस झाला की खाली कोरडं असतानाही नाला फुगतो. सिपना, गडगा, खापरा या मेळघाटच्या नद्यांचंही तेच. पूर कुठवर येतो, हे काठावरची झुडपंच सांगतात. फांद्यांत वाळलेलं गवत, काड्या, प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात. त्या जिथवर दिसतात, तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं. एका ठिकाणी अशी चिंधी माझ्या डोक्याच्याही वर, करंजाच्या फांदीला लटकत होती आणि तिथून वीस पावलांवर पांढराशुभ्र तंबू उभा होता. मी आगाऊ दिलेले पैसे सोडले आणि परत फिरलो.

दुसरी गोष्ट थंडीची. थंड हवा जड असते. रात्री ती उतारावरून ओघळून खोलगट भागात साचते. डिसेंबरात एकदा आम्ही अशाच एका खोलगटीत उतरलो होतो. तंबूत गालिचा होता, आरसा होता, पलंगाला मच्छरदाणी होती. पहाटे चारच्या सुमारास कापडाच्या आतल्या बाजूला साचलेलं दव थेंबाथेंबानं पांघरुणावर पडू लागलं, आणि माझ्या आईनं उरलेली रात्र गाडीत काढली. सकाळी वरच्या टेकाडावर चहा प्यायला गेलो, तर तिथलं गवत जवळजवळ कोरडं होतं. अंतर असेल दोनशे पावलांचं. तेव्हापासून मी डोंगराच्या खांद्यावरची जागा मागतो: अगदी माथ्यावर नको, तिथे वारा झोपू देत नाही, आणि तळातही नको.

तिसरी गोष्ट माती. आपली काळी माती ओली झाली की फुगते, मेखा सैल होतात, पाय घोट्यापर्यंत रुततात. मुरमाड जमीन उत्तम, पाणी लगेच मुरतं. तुमच्याजवळ तांब्या असेलच. तंबूच्या दारात तो ओता आणि पाणी कुठे जातं ते पाहा. तंबूकडे वळलं तर दुसरा तंबू मागा.

झाड, जनावर आणि गवत

सावलीसाठी झाड हवंच, पण मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालचा तंबू घेऊ नका. मोहफुलं पहाटे गळतात, त्यांच्या गोड वासानं अस्वलं येतात, आणि गावातली माणसंही अंधारातच टोपल्या घेऊन वेचायला निघतात. तो त्यांच्या वर्षाच्या कमाईचा काळ आहे, आपण मध्ये यायचं कारण नाही. वाळक्या फांद्यांचं कोणतंही झाड डोक्यावर नको.

पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत गवतावर नुसती चादर टाकून लोळणं टाळा. त्या गवतातल्या बारीक चिगर किड्यांच्या चावण्यानं स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची मोठी साथ येऊन गेली. मुक्कामाहून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात राहिल्याचं आवर्जून सांगा. आणि जमिनीवर गादी टाकून झोपू नका. मण्यार रात्री फिरते, अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. पलंग किंवा बाज, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या, बूट घालण्याआधी झटकलेले: एवढं लहान मुलांनाही शिकवा.

फोनवर काय विचारायचं

आतल्या पलंगाचे फोटो सगळेच पाठवतात. तुम्ही तंबूच्या दारात उभं राहून चहूबाजूंनी फिरवलेला व्हिडिओ मागा. शेजारचा तंबू किती जवळ, रस्ता कुठे, डीजेचा स्पीकर कुठे टांगलाय, सगळं त्यात दिसतं. जनरेटर किती वाजता बंद होतो, शेवटचा रस्ता पावसात चालतो का, रात्री राखणदार असतो का, सर्पदंशाचं प्रतिविष असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय किती लांब, हे स्पष्ट विचारा. शेवटच्या प्रश्नाला जो गडबडतो, त्याच्याकडे मी जात नाही.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मन मानेल तिथे तंबू ठोकता येत नाही, म्हणून जागा कोणाच्या मालकीची हेही विचारा. सेमाडोह, कोलकासला वन विभागाची निवासव्यवस्था आहे. बाहेर शेतातला मुक्काम हवा असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी झालेलं केंद्र शोधा. तिथे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी मिळाली, तर बुफेची आठवणही येणार नाही.

वाळवंटाकडे जाणार असाल तर

आपल्याकडून पुष्कळ लोक हिवाळ्यात जैसलमेर नाहीतर कच्छला जातात. तिथे हिशोब वेगळा. कोरड्या हवेत वाळूची ऊब झपाट्यानं निघून जाते, त्यामुळे दुपारी शर्टावर फिरलेला माणूस रात्री रजईत शिरतो. ऐन माथ्यावरचा तंबू टाळा, वाऱ्याबरोबर रात्रभर वाळू आत येते. जैसलमेरजवळच्या सम गावाच्या भागात तंबूंची आणि गाण्या-बजावण्याची गर्दी फार, शांतता हवी तर खुडी गाव पाहा. कच्छच्या पांढऱ्या रणात पावसाळ्याचं पाणी आटल्यावरच मीठ दिसतं, म्हणून डिसेंबरनंतर जा. सीमेचा भाग असल्यानं परवाना लागतो. पौर्णिमेच्या आसपासच्या तारखा आधी भरतात.

आपल्याकडे मात्र अमावस्या निवडा. जानेवारी २०२४ मध्ये आपला पेंच व्याघ्र प्रकल्प देशातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार राखलेली जागा, ठरला. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव त्या परिसरातून पाहायचा असेल, तर त्या वर्षी चंद्र किती उजेड देणार ते आधी पंचांगात पाहून घ्या.

पोहोचल्यावर

दिवस मावळायच्या आत पोहोचा, तंबूला एक चक्कर मारा, शौचालयापर्यंतची वाट उजेडात चालून पाहा. टॉर्च उशाशी ठेवा. आणि थंडी कितीही वाजली तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेऊ नका. धूर दिसत नाही म्हणून लोक बिनधास्त राहतात, पण बंद कापडात कार्बन मोनॉक्साइड साचून झोपेतच जीव जातो. मालकानं प्रेमानं आणून दिली तरी बाहेर ठेवायला सांगा. हात शेकायचे ते शेकोटीपाशी, आणि आत येताना एक जादा रजई मागून आणा.