उष्ण किनारे आणि ध्रुवीय समुद्र एकाच क्रूझवर? मग या चुका टाळा

लांब क्रूझवर दोन प्रकारच्या चुका होतात. काही जहाजावर चढल्यावरही निस्तरता येतात. टोपी राहिली, चार्जर विसरला, हवी ती सहल आधीच भरली, तरी काहीतरी मार्ग निघतो. काही मात्र जहाजाने बंदर सोडलं की कॅप्टनलाही निस्तरता येत नाहीत. उष्ण किनाऱ्यांवरून सुरू होऊन अंटार्क्टिक किंवा आर्क्टिककडे जाणाऱ्या सफरीत या दुसऱ्या प्रकारच्या चुका महागात पडतात, कारण जसजसं पुढे जावं तसतशी दुकानं, दवाखाने आणि विमानतळ मागे पडत जातात. या लेखात भर त्यांच्यावरच आहे.

जहाज निवडताना नुसता नकाशा पाहणं

माहितीपत्रकातल्या नकाशावर रेघ अंटार्क्टिकापर्यंत गेलेली दिसते आणि लोक समजतात की आपण तिथे उतरणार. सगळ्यात मोठा अपेक्षाभंग इथेच होतो. अंटार्क्टिकात प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांची आयाटो ही संघटना 1991 पासून काम करते. तिच्या नियमांनुसार 500 हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजावरून कोणालाच किनाऱ्यावर उतरवलं जात नाही. लहान जहाजावरूनही एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त 100 पाहुणे जमिनीवर असू शकतात. म्हणजे ब्युनॉस आयरेसहून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालत अंटार्क्टिक द्वीपकल्पापर्यंत जाणारं मोठं जहाज तुम्हाला हिमनग, हिमनद्या, देवमासे सगळं दाखवेल, पण डेकवरून. त्यातही आनंद आहे, फक्त तो आधी ठरवून घेतलेला असावा.

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांचंही तसंच. 1 जानेवारी 2025 पासून तिथल्या संरक्षित क्षेत्रांत 200 हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश नाही आणि त्या क्षेत्रांत उतरण्याच्या जागाही ठरवून दिलेल्या आहेत. ध्रुवीय अस्वलापासून किमान 300 मीटर लांब राहावं लागतं, 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर. अस्वल जवळून दिसण्याची आशा असेल तर चांगली दुर्बीण घ्या.

बुकिंगपूर्वी कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारा: किनाऱ्यावर प्रत्यक्ष उतरणं आहे की फक्त जहाजावरून दर्शन? उत्तरात 'दर्शन', 'विहंगम', 'परिक्रमा' असे गोलगोल शब्द आले तर उतरणं नाही असं समजा.

महिनाही पाहा. अंटार्क्टिकचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. पेंग्विनची पिल्लं पाहायची असतील तर डिसेंबर अखेर आणि जानेवारी, देवमाशांसाठी फेब्रुवारी-मार्च. सगळं एकाच फेरीत मिळत नाही.

कागदपत्रं: इथे जहाज तुमच्यासाठी थांबत नाही

लोक पहिल्या आणि शेवटच्या बंदराचा व्हिसा काढतात आणि मधली बंदरं विसरतात. 'आम्ही तिथे उतरणारच नाही' हे कारण बहुतेक ठिकाणी चालत नाही. ज्यांच्या पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागतो, त्यांना जहाज अमेरिकन बंदरात लागणार असेल तर केबिनमध्ये बसून राहायचं असलं तरी तो लागतो. एका देशाच्या व्हिसाअभावी संपूर्ण सफरीला मुकावं लागू शकतं.

स्वालबार्डला जाणाऱ्यांची एक नेहमीची फसगत सांगते. ही बेटं नॉर्वेची आहेत, पण शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या, बाहेर. मुख्य नॉर्वेतून तिथल्या मुख्य गावाला, लाँगयिअरब्येनला, गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परत येताना पुन्हा प्रवेश करणार. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीचा दरवाजा बंद. दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसा मागून घ्या आणि हातात आल्यावर त्यावर तसं छापलंय का ते तिथल्या तिथे वाचा.

पिवळ्या तापाची लसही अशीच. ब्राझीलसारख्या देशाला भेट देऊन पुढे गेल्यावर नंतरचा देश प्रमाणपत्र मागू शकतो. ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी वैध होतं, त्यामुळे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलं की मात्र काळजी मिटली: 2016 पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरलं जातं.

आता चूक होऊनच गेली तर? जहाज चुकलं की बहुतेकांना वाटतं पुढच्या बंदरात विमानाने जाऊन गाठू. अनेकदा ते जमतं, पण अमेरिकेत 1886 चा एक जुना कायदा आडवा येतो. परदेशी नोंदणीच्या जहाजाला एका अमेरिकन बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवता येत नाही, वाटेत दूरच्या परदेशी बंदराला भेट दिल्याशिवाय. सिअ‍ॅटलहून निघून अलास्का करून सिअ‍ॅटललाच परतणारी फेरी असेल आणि तुमचं सिअ‍ॅटलला जहाज चुकलं, तर अलास्कातल्या जुनो बंदरात चढण्याची परवानगी कंपनी नाकारू शकते. मधूनच उतरून घरी जायचं ठरवणाऱ्यांनाही हाच नियम लागतो. म्हणून जहाज सुटण्याच्या दिवशीच विमानाने पोचण्याचा बेत करू नका. किमान एक दिवस आधी पोचा. ध्रुवीय सफर असेल तर दोन दिवस आधी, कारण हरवलेली बॅग उश्वायापर्यंत, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या बंदरापर्यंत, यायला वेळ लागतो आणि जहाज तिची वाट पाहत नाही.

छापील वेळापत्रकावर विसंबणं

उष्ण किनाऱ्यांवर वेळापत्रक बऱ्यापैकी पाळलं जातं. त्याची सवय होते आणि मग दक्षिणेकडे गेल्यावर माणसं चिडतात. फॉकलंड बेटांवरच्या स्टॅन्लीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. प्रवाशांना टेंडर म्हणजे जहाजाच्या छोट्या बोटींतून नेतात आणि वारा वाढला की तो थांबा सरळ रद्द होतो. बर्फाने वाट अडवली तर सकाळचा बेत दुपारी बदलतो. याला फसवणूक म्हणता येत नाही. या समुद्रात सुरक्षितपणे जहाज चालवायचं म्हणजे असंच चालवावं लागतं.

तुमच्या हातात एवढंच: बाहेरच्या एजंटाकडून सहल घेत असाल तर 'जहाज बंदरात आलंच नाही' अशा वेळी पैसे परत मिळतात का ते आधी वाचा. शिवाय जहाजाच्या सहलीवरून परतायला उशीर झाला तर ती जबाबदारी जहाजाची असते, स्वतः ठरवलेल्या सहलीवर ती सर्वस्वी तुमची.

घड्याळाचं एक. जहाज स्वतःच्या वेळेवर चालतं आणि ती किनाऱ्यावरच्या वेळेशी जुळेलच असं नाही. फोन मात्र किनाऱ्याचं नेटवर्क पकडून आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो. बंदरावर धावत आलेले आणि शिडी उचललेली पाहून हतबल उभे राहिलेले लोक पुष्कळदा या एका तासाने फसलेले असतात. साधं हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि खाली उतरताना त्यावरच विश्वास ठेवा.

मळमळ सुरू झाल्यावर गोळी शोधणं

केप हॉर्न आणि अंटार्क्टिकाजवळच्या साउथ शेटलंड बेटांमधला ड्रेक पॅसेज सुमारे 800 किलोमीटर रुंद आहे. पार व्हायला साधारण दोन दिवस लागतात, आणि वाटेत लाटा अडवायला जमीन कुठेच नाही. कधी हे पाणी तळ्यासारखं शांत असतं, कधी टेबलावरच्या बशा जमिनीवर येतात. कुठलं ड्रेक वाट्याला येईल ते आठवडाभर आधी सांगता येत नाही.

म्हणून ही तयारी म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं नको. पोटात ढवळायला लागल्यावर गिळलेली गोळी बहुतेकदा पोटात राहतच नाही. गोळी घेणार असाल तर उश्वायाजवळच्या बीगल चॅनेलच्या शांत पाण्यात असतानाच घ्या. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते आणि तीन दिवस पुरते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. काचबिंदू असलेल्यांना ती चालत नाही आणि वयस्कर माणसांना तिच्यामुळे गोंधळल्यासारखं होऊ शकतं. पट्टी लावल्यावर हात साबणाने धुवा. औषध बोटाला राहिलं आणि त्याच बोटाने डोळा चोळला, तर बाहुली मोठी होते, धूसर दिसायला लागतं आणि माणूस भलत्याच शंकेने घाबरतो. कोणतंही नवं औषध घरी एकदा घेऊन पाहा, ऐन समुद्रात पहिला प्रयोग नको.

केबिनही आत्ताच विचार करून घ्या. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे सगळ्यात कमी. पुढच्या टोकाची, वरच्या मजल्यावरची केबिन दिसायला देखणी, पण ड्रेकमध्ये तिथे झोप लागणं कठीण. त्रास सुरू झालाच तर पुस्तक आणि फोन बाजूला ठेवा, डेकवर या, क्षितिजाकडे पाहा, कोरडं काहीतरी थोडंथोडं खा. उलटी थांबत नसेल तर जहाजावरच्या डॉक्टरांकडे जा. इंजेक्शनने बऱ्याच जणांना आराम पडतो.

कपडे

बॅगेत निम्मे कपडे उन्हाचे आणि निम्मे बर्फाचे, असा हिशेब करू नका. खालून वर थर चढवत जा: अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, मध्ये ऊब देणारा, वर वारा-पाणी अडवणारा. सुती कपडा ध्रुवीय हवेत अंगाशी नको, घामाने ओला झाला की लवकर वाळत नाही. अनेक मोहीम-जहाजं पार्का (टोपीचं जाड जॅकेट) आणि रबरी बूट देतात, पण जलरोधक पँट सहसा देत नाहीत, आणि तीच सर्वात जास्त विसरली जाते. किनाऱ्यावर नेणाऱ्या झोडियाक या रबरी बोटीत बसल्यावर पहिला शिंतोडा मांडीवरच येतो. पाय गार पडतात म्हणून दोन जाड मोजे घालून बूट घट्ट करणं ही उलटी चूक: रक्ताभिसरण अडतं आणि पाय आणखी गार पडतात. एक जाड मोजा, बोटं हलवायला जागा.

गॉगल आणि सनस्क्रीन उष्ण टप्प्यानंतर सुटकेसच्या तळाशी टाकू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्यांची कडही भाजते.

खिशातल्या बिया

हा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे, आणि प्रवासी त्याला सर्वांत कमी महत्त्व देतात. उष्ण किनाऱ्यांवर गवतातून, वाळूतून फिरलेले तेच बूट, तीच पाठपिशवी, तोच ट्रायपॉड घेऊन तुम्ही दक्षिणेला जाता. साउथ शेटलंडमधल्या किंग जॉर्ज बेटावर माणसाबरोबर आलेलं 'पोआ अ‍ॅन्युआ' हे साधं गवत रुजल्याचं आढळलं आहे. दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया बेट 2018 मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं, त्यामागे अनेक वर्षांची मेहनत आहे. तिथे किनाऱ्यावर पाऊल टाकण्याआधी सामानाची कसून तपासणी होते.

जहाजावर त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवतात. व्हॅक्युम क्लीनरच्या नळ्या, चिमटे आणि वाकवलेल्या पेपरक्लिप घेऊन सगळे बसतात. जॅकेटच्या व्हेल्क्रोत अडकलेलं कुसळ असं सहज निघत नाही, एकेक आकडा बाजूला करून ते टोकाने उचलावं लागतं. बुटाच्या तळव्यातल्या खाचा, खिशांच्या शिवणी, टोपीची कड, सगळं तपासलं जातं. ही संध्याकाळ कंटाळवाणी वाटून अर्ध्यावर सोडणारे असतात आणि मग किनाऱ्यावर उतरायच्या रांगेतून त्यांना बूट धुवायला परत पाठवतात. घरून निघतानाच बूट ब्रशने घासून आणा, पिशव्या उलट्या करून झटका. शक्य असेल तर किनाऱ्यांवरची आणि बर्फातली पादत्राणं वेगळी ठेवा.

ऑक्टोबर 2023 मध्ये साउथ जॉर्जियाच्या परिसरात बर्ड फ्लू आढळला आणि नियम आणखी कडक झाले. आता जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, पिशवी खाली ठेवणं चालत नाही. पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर ठेवा. तो तुमच्याकडे चालत आला तर स्तब्ध उभे राहा आणि वाट द्या. वाकून फोटो काढायची सवय असेल तर ती घरीच सोडून या.

कॅमेरा, फोन आणि हात

थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. बाहेरून केबिनमध्ये येताना कॅमेरा बंद पिशवीत घालून आणा आणि तासभर उघडू नका. घाई केली तर लेन्सवर, कधीकधी आतल्या काचांवरही, दव जमतं. जमलंच तर पुसत बसू नका, कोरड्या जागी आपोआप जाऊ द्या.

समुद्रात फोन विमान-मोडवर हवा. नाहीतर तो जहाजाच्या मोबाइल नेटवर्कला जोडला जातो आणि घरी आल्यावर बिल पाहून धक्का बसतो.

जेवणाआधी हात साबणाने धुवा. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही आणि क्रूझवर तो वेगाने पसरतो. जुलाब सुरू झाले तर लपवू नका, लगेच दवाखान्याला कळवा.

आजारपणाचा हिशेब न करणं

जहाजावरचा दवाखाना प्राथमिक उपचारांचा. किंग जॉर्ज बेटावर चिलीची धावपट्टी आहे, पण तिथवर पोचणं आणि विमान उतरणं दोन्ही हवामानावर. विम्यात आपत्कालीन स्थलांतराचा समावेश आहे का, ध्रुवीय प्रदेश वगळलाय का आणि जुने आजार धरलेत का, या तीन ओळी पॉलिसीत स्वतः शोधा. रोजची औषधं संपूर्ण सफर आणि वर दोन आठवडे पुरतील एवढी, मूळ वेष्टनात आणि हातसामानात. त्यांची जेनेरिक नावं कागदावर लिहून ठेवा, कारण ब्रँड देशागणिक बदलतो.

परतीचं विमान जहाज पोचण्याच्या दिवशीच काढू नका. ड्रेक खवळला तर कॅप्टन वाऱ्याला मान देऊन उशिरा पोचतो. बदलता येणारं तिकीट घ्या किंवा बंदरगावी एक रात्र काढा.