कान ठणकतोय? या चुका टाळा

डोक्यावरून आंघोळ केली आणि कानाला दडा बसला, की आपण पाण्याला दोष देतो. बहुतेक वेळा आतला मळ पाण्याने फुगलेला असतो. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. मळ तिच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागातच तयार होतो आणि नळीची कातडी तो हळूहळू स्वतःच बाहेर आणते. इअरबड, हेअरपिन किंवा गाडीची किल्ली घातली की तोच मळ पडद्याशी जाऊन ठासतो. बोळ्याला लागलेलं पिवळं बघून कान साफ झाला असं वाटतं, पण उरलेला आत गेलेला असतो.

पावसाळ्यात कानाला सुटणारी खाज पुष्कळदा बुरशीची असते. ओल्या टीपकागदासारखा पांढरा लगदा आणि त्यावर काळे ठिपके, हे तिचं रूप. कोरल्याने कातडी सोलते आणि तेलाने ओल टिकते, म्हणून दोन्ही नको.

सर्दीनंतर रात्री मूल कान धरून रडतं, तेव्हा घरोघरी लसणाचं कोमट तेल निघतं. पण तो ठणका पडद्याच्या मागे असतो. पडदा शाबूत असेल तर तेल तिथवर पोचतच नाही, आणि फाटलेला असेल तर थेट आत उतरून त्रास वाढवतं. मुलांची नाक-कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असल्याने सर्दी लगेच कानात जाते. बाळाला आडवं निजवून बाटली देऊ नका. रात्रीपुरतं वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल द्या, सकाळी डॉक्टरांना दाखवा.

थेंब घालतानाही चुकतं. गार थेंबांनी गरगरतं, म्हणून बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरा. कुशीवर झोपून मोठ्यांचा कान वर-मागे, लहान मुलांचा खाली-मागे ओढा आणि पाच मिनिटं तसंच पडून राहा. कान वाहत असेल तर स्वतःहून काहीच घालू नका.

हरभरा-वाटाणा अडकला तर पाणी घालू नका, तो फुगतो. घड्याळाचा बटण सेल मात्र काही तासांत आतली कातडी जाळतो. थेंब न घालता तडक रुग्णालय गाठा.

आणि एका कानाने एक-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका. आतल्या नसेचं दुखणं असेल तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.